चाचणीआधी चौकशी : भारतात मुलांच्या अ‍ॅलर्जीचे निदान कुठे चुकते?

भारतातील अ‍ॅलर्जीविषयीचे दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचले, तर ते दोन वेगळ्या देशांतले वाटावेत.

पहिला अभ्यास ‘ग्लोबल अस्थमा नेटवर्क’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाच्या भारतीय भागाचा आहे. तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. देशातील नऊ केंद्रांमधून सहा-सात वर्षांची मुले, तेरा-चौदा वर्षांची मुले आणि त्यांचे पालक अशा सुमारे १ लाख २७ हजार व्यक्तींची माहिती त्यात गोळा करण्यात आली. गेल्या वर्षभरात छातीतून शिटीसारखा आवाज आल्याचे ज्यांच्या बाबतीत नोंदले गेले, त्यांच्यापैकी ८२ टक्के व्यक्तींना दम्याचे निदान झालेलेच नव्हते. तीव्र लक्षणे असलेल्यांमध्येही निदानाविना राहिलेल्यांचे प्रमाण ७० टक्के होते.

दुसरा अभ्यास ‘युरोप्रीव्हॉल’ या प्रकल्पाचा. कर्नाटकात झालेल्या या पाहणीत प्रौढांच्या रक्तातील अन्नविषयक प्रतिपिंडे तपासण्यात आली. २६ टक्क्यांहून अधिक लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या खाद्यपदार्थाविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. पण एखादा पदार्थ खाऊन त्रास होतो आणि त्याच पदार्थाविरुद्धची प्रतिपिंडेही आहेत, अशी दोन्ही बाजूंनी जुळणी झालेले लोक भरले अवघे १.२ टक्के. याच प्रकल्पात शाळकरी मुलांमध्ये संभाव्य अन्न-अ‍ॅलर्जीचे प्रमाण ०.१४ टक्के, म्हणजे हजारात एक-दोन मुले इतके आढळले.

एकीकडे आजार आहे, पण त्याला नाव नाही. दुसरीकडे चाचणीचा अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आहे, पण आजार नाही. वरवर विरुद्ध दिसणाऱ्या या दोन चुकांचे मूळ मात्र एकच आहे. मुलाला नेमके काय होते, कधी होते, कुठे होते, हे शांतपणे विचारून घेण्याचे काम भारतीय आरोग्यव्यवस्थेत सर्वांत आधी वगळले जाते. म्हणून ‘मुलांच्या अ‍ॅलर्जीचे निदान लवकर करा’ या सल्ल्याचा अर्थ ‘लवकर चाचण्या करा’ असा घेतला, तर मुलांचे नुकसानच होईल. लवकर निदान म्हणजे लवकर आणि नीट केलेली चौकशी. चाचणीचा क्रमांक त्यानंतरचा.

अ‍ॅलर्जी म्हणजे काय, आणि काय नव्हे

‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये घडवला. शरीराची बदललेली प्रतिक्रिया, एवढाच त्याचा मूळ अर्थ. या प्रतिक्रियेमागील मुख्य प्रतिपिंड, आयजीई, ओळखले जायला मात्र पुढची सहा दशके लागली. हे प्रतिपिंड ‘मास्ट’ पेशींच्या पृष्ठभागावर चिकटून बसते. ज्या प्रथिनाविरुद्ध ते तयार झालेले असते ते प्रथिन समोर आले, की या पेशी हिस्टामिन आणि इतर रसायने बाहेर टाकतात. नाकात हे घडले तर शिंका आणि पाणी, त्वचेत घडले तर गांधी, श्वासनलिकांत घडले तर घरघर. एकाच वेळी सर्व शरीरात घडले, तर जिवावर बेतणारी अ‍ॅनाफिलॅक्सिस.

येथे एक भेद विद्यार्थ्यांनी मनात पक्का करावा. रक्तात आयजीई सापडणे म्हणजे ‘संवेदनक्षमता’. त्या आयजीईमुळे प्रत्यक्ष त्रास होणे म्हणजे ‘अ‍ॅलर्जी’. अनेक मुलांच्या रक्तात दुधाविरुद्धचे वा गव्हाविरुद्धचे आयजीई असते आणि तीच मुले दूध-पोळी खाऊन मजेत खेळत असतात. त्वचेवर टोचून केलेली चाचणीही याच मर्यादेत काम करते. दोन्ही चाचण्या विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतात. प्रश्न विचारण्याचे काम त्या करत नाहीत.

पहिली चूक : नाव टाळलेला दमा

सात वर्षांची एक मुलगी कल्पावी. पावसाळा संपता संपता तिला दरवर्षी खोकला लागतो. तो रात्री आणि पहाटे वाढतो. धावली की दम लागतो, खूप हसली तरी खोकल्याची उबळ येते. प्रत्येक वेळी खोकल्याचे औषध, प्रतिजैविकाचा एक कोर्स आणि दवाखान्यात दिलेली वाफ यांवर ती ‘बरी’ होते. कागदावर कधी ‘ब्रॉन्कायटिस’ लिहिले जाते, कधी ‘छातीत कफ’, कधी ‘अ‍ॅलर्जिक खोकला’. तीन-चार वर्षे हे चक्र फिरते, आणि ‘दमा’ हा शब्द मात्र कोणीच उच्चारत नाही.

हे मौन केवळ वैद्यकीय अज्ञानातून येत नाही. ‘दमा’ म्हटले की पालकांना खाटेवर धापा टाकणारे आजोबा आठवतात. मुलीचे पुढे लग्न कसे जमेल, ही चिंता आजही अनेक घरांत बोलून दाखवली जाते. ‘पंप लागला की सुटत नाही’ हा समज तर सुशिक्षित कुटुंबांतही घट्ट आहे. पालक दुखावतील, दुसऱ्या डॉक्टरकडे जातील, या धास्तीने डॉक्टरही सौम्य शब्द शोधतात. पण नाव सौम्य केल्याने आजार सौम्य होत नाही. फक्त योग्य उपचार लांबणीवर पडतो.

दम्यात दोन गोष्टी घडतात. श्वासनलिकांच्या अस्तराला दीर्घकाळ सूज राहते आणि त्या सुजेमुळे नलिका निमित्त मिळताच आकसतात. सॅल्ब्युटामॉल हे औषध आकसलेली नलिका सैल करते, त्यामुळे लगेच बरे वाटते. मुळातली सूज मात्र तशीच राहते. ती कमी करण्याचे काम श्वासावाटे घेतलेले अल्प मात्रेतील स्टेरॉइड करते. म्हणूनच ‘जीना’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने २०१९ पासून किशोरवयीन आणि प्रौढ रुग्णांसाठी केवळ नलिका सैल करणाऱ्या औषधावर विसंबून राहण्याची शिफारस मागे घेतली. भारतात मात्र उलटे चित्र आहे. ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या त्याच अभ्यासात दम्याचे निदान झालेल्यांपैकीही दहा टक्क्यांहून कमी व्यक्ती श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड रोज वापरत होत्या.

याची किंमत आकड्यांत दिसते. जगातील दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के रुग्ण भारतात आहेत. दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू भारतात होतात. वायुप्रदूषण, चुलीचा धूर, उपचारांची अनुपलब्धता अशी कारणे त्यामागे आहेतच. पण ज्या आजाराचे नावच सांगितले जात नाही, त्याचे नियमित औषध कोण आणि का घेईल, हा प्रश्न या सर्व कारणांच्या आधी येतो.

स्टेरॉइडविषयीच्या भीतीला ‘काही होत नाही’ असे उत्तर देणे अप्रामाणिक ठरेल. अमेरिकेतील एका दीर्घ अभ्यासात लहानपणी अनेक वर्षे श्वासावाटे ब्युडेसोनाइड घेतलेल्या मुलांची प्रौढपणीची उंची इतरांपेक्षा सरासरी १.२ सेंटीमीटरने कमी भरली. हा परिणाम खरा आहे आणि पालकांना तो सांगितला पाहिजे. त्याच श्वासात हेही सांगितले पाहिजे, की इनहेलरची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजली जाते, आणि उपचाराविना राहिलेला दमा बळावला की त्याच मुलाला मिलिग्रॅममध्ये मोजली जाणारी तोंडावाटेची स्टेरॉइड पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात. पालक अज्ञानी नसतात. तुलना करायला लागणारी माहिती त्यांना बहुधा दिलेली नसते.

एक सावधगिरी मात्र हवी. शाळेत जाण्याच्या वयाआधी छातीत घरघर होणारे प्रत्येक मूल दम्याचे नसते. अमेरिकेतील टुसॉन येथे १९८० पासून जन्मापासून पाठपुरावा केलेल्या मुलांच्या अभ्यासात पहिल्या तीन वर्षांत घरघर झालेल्यांपैकी सुमारे ६० टक्के मुलांची घरघर सहाव्या वर्षापर्यंत थांबलेली होती. इतक्या लहान वयात फुफ्फुसांची फुंकर-चाचणीही विश्वासाने करता येत नाही. म्हणून येथे पुन्हा चौकशीच कामाला येते. मुलाला इसब आहे का, आईला किंवा वडिलांना दमा आहे का, सर्दी नसतानाही घरघर होते का, नलिका सैल करणाऱ्या औषधाने लगेच उतार पडतो का? या उत्तरांवरून शक्यता कमी-अधिक ठरते. ‘आत्ता खात्री नाही, पण लक्ष ठेवू आणि तीन महिन्यांनी पुन्हा पाहू’ हेही एक प्रामाणिक निदानच आहे.

दुसरी चूक : यादीने दिलेला उपवास

आता दुसरे मूल कल्पावे. चार वर्षांचा मुलगा, वारंवार सर्दी, अधूनमधून पोटदुखी, वजन जेमतेम. कोणीतरी ‘संपूर्ण अ‍ॅलर्जी तपासणी’ सुचवते. रक्ताचा एक नमुना जातो आणि काही पानांचा रंगीत अहवाल येतो. दूध, गहू, अंडे, शेंगदाणा, तूरडाळ, केळे, टोमॅटो अशा अनेक पदार्थांपुढे लाल खुणा असतात. त्या दिवसापासून मुलाच्या ताटातून एकेक पदार्थ नाहीसा होतो. सर्दी मात्र जात नाही, कारण तिचा दूध-डाळीशी संबंध नव्हताच.

असे अहवाल दोन प्रकारे दिशाभूल करतात. काही तपासण्या आयजीई मोजतात, पण लक्षणांशी संबंध नसलेल्या पन्नास-शंभर पदार्थांसाठी एकदम मोजतात. चारातील एका व्यक्तीच्या रक्तात काही ना काही सापडत असेल, तर इतके मोठे जाळे टाकल्यावर त्यात काहीतरी अडकणारच. दुसऱ्या प्रकारच्या तपासण्या तर आयजीई नव्हे, आयजीजी मोजतात. आयजीजी हे बहुधा तो पदार्थ खाल्ला गेल्याचे, अनेकदा तो शरीराने स्वीकारल्याचे चिन्ह असते. युरोप, अमेरिका आणि कॅनडातील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी अन्नाच्या अ‍ॅलर्जीच्या निदानासाठी आयजीजी तपासणी वापरू नये, असे स्पष्टपणे सांगितले आहे.

‘टाळले तर बिघडले काय?’ हा पालकांचा युक्तिवाद समजण्याजोगा आहे. पण टाळणे फुकट नसते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. शाकाहारी घरातील मुलाच्या आहारातून दूध, डाळी आणि शेंगदाणे एकदम काढले, तर प्रथिने येणार कुठून? ज्या देशात मुलांना पुरेसे खाऊ घालणे हाच मोठा प्रश्न आहे, तेथे पुराव्याशिवाय ताट रिकामे करणे ही सावधगिरी ठरत नाही.

टाळण्याने त्याहून मोठा घोळ होऊ शकतो, हे विज्ञानाने फार महागात शिकलेले आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००० मध्ये अ‍ॅलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये असा सल्ला दिला होता. तो तर्काला धरून वाटत होता, पण त्याला पुरेसा पुरावा नव्हता. २००८ मध्ये तो मागे घेण्यात आला. त्याच वर्षी असे दिसले, की ब्रिटनमधील ज्यू मुलांत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी इस्रायलमधील मुलांच्या सुमारे दहापट आहे. इस्रायलमध्ये तान्ह्या वयापासूनच शेंगदाण्याचा खाऊ दिला जातो. हा योगायोग आहे की कारण, हे तपासण्यासाठी लंडनमधील गिडिऑन लॅक आणि सहकाऱ्यांनी तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळे निवडली. अर्ध्यांना नियमित शेंगदाणा दिला, अर्ध्यांना तो टाळायला सांगितला. २०१५ मध्ये निष्कर्ष आले. पाचव्या वर्षी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी टाळणाऱ्या गटात १७.२ टक्के मुलांना होती, खाणाऱ्या गटात ३.२ टक्के मुलांना.

भारतातील घरांना हा अभ्यास जसाच्या तसा लावता येत नाही. येथे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी मुळात तितकी आढळत नाही. शिवाय तान्ह्या बाळाला अख्खा दाणा कधीच देऊ नये. तो घशात अडकतो. पण त्यातला मूळ धडा सर्वत्र लागू आहे. प्रतिकारयंत्रणा अन्नाला सहन करायला शिकते ती ते अन्न पोटात गेल्याने. सहा महिन्यांनंतर घरातले वेगवेगळे पदार्थ मऊ करून बाळाला देणे, ही भारतीय घरांची जुनी रीत याच दिशेने जाते. अहवालाच्या भीतीने ती मोडणे हे विज्ञानाच्या नावाखाली केलेले विज्ञानविरोधी कृत्य होय.

खरी अ‍ॅलर्जी ओळखायची कशी

याचा अर्थ अन्नाची अ‍ॅलर्जी थोतांड आहे, असा मुळीच नाही. हजारात एक-दोन म्हटले तरी भारताच्या लोकसंख्येत ती मुले लाखांनी भरतात, आणि त्यांच्यासाठी निदान हा जीवनमरणाचा प्रश्न असू शकतो. शिवाय भारतातील अ‍ॅलर्जी पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकासारखी असेलच असे नाही. हरभरा हा भारतीय उपखंडातील एक महत्त्वाचा अ‍ॅलर्जीकारक पदार्थ असल्याचे मुंबईतील संशोधकांनी २००१ मध्येच दाखवून दिले होते. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार वेष्टनावर ज्या अ‍ॅलर्जीकारक घटकांचा उल्लेख बंधनकारक आहे, त्यांत दूध, अंडे, मासे, शेंगदाणा, सोयाबीन, ग्लूटेनयुक्त धान्ये यांचा समावेश आहे; हरभऱ्याचा नाही. बेसनाच्या देशात ही यादी स्थानिक पुराव्यावर तपासून पाहायला हवी.

खऱ्या अन्न-अ‍ॅलर्जीची खूण बहुधा वेळेत असते. पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत त्रास होतो, आणि तोच पदार्थ पुन्हा खाल्ला की पुन्हा होतो. गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलटी होते. सोबत आवाज बसला, श्वास अडला किंवा मूल मलूल पडले, तर ती अ‍ॅनाफिलॅक्सिस असते. तिच्यावरचे पहिले औषध मांडीच्या स्नायूत दिलेले अ‍ॅड्रेनॅलिन हेच. खाज थांबवणारी गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. अ‍ॅड्रेनॅलिनची साधी कुपी स्वस्त आहे आणि रुग्णालयांत असते. पण पालकांना घरीच टोचता येईल असे तयार इंजेक्शन साध्या औषधदुकानात सहज मिळत नाही. अनावश्यक तपासण्यांवर इतका पैसा खर्च होत असताना हे एक साधन गरजू मुलांपर्यंत पोहोचू नये, यात आपल्या प्राधान्यक्रमाचे चित्र दिसते.

चौकशीतून एखाद्या पदार्थाचा संशय बळावला, की मग त्या एकाच पदार्थाची चाचणी करावी. तरीही शंका उरली, तर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली तो पदार्थ थोडा थोडा खाऊ घालून पाहणे ही आजही सर्वांत खात्रीची कसोटी मानली जाते. निदान एकदा झाले की ते जन्माचे, असेही नाही. दुधाची आणि अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली बहुतेक मुले वाढत्या वयात त्यातून बाहेर पडतात. म्हणून ठरावीक काळाने फेरतपासणी हाही व्यवस्थापनाचा भाग आहे. हेच औषधांबाबतही खरे आहे. माँट्रियलमध्ये अ‍ॅमॉक्सिसिलिनने पुरळ आल्याचा संशय असलेल्या ८१८ मुलांना तेच औषध देखरेखीखाली दिले असता ९४ टक्के मुलांना काहीही झाले नाही. लहानपणी कागदावर लिहिलेला ‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी’ हा शेरा कोणी तपासला नाही, तर तो माणूस आयुष्यभर अधिक महाग आणि कमी योग्य प्रतिजैविके घेत राहतो.

करता येण्याजोगे

हे सारे सुधारण्यासाठी नवी महासंस्था उभारण्याची गरज नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथे ज्याचा प्रारंभ झाला, तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अंगणवाडी आणि शाळांतून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतो. त्याच्या ठरवून दिलेल्या आजारांच्या यादीत श्वासनलिका आकसण्याचा विकार आणि इसब हे दोन्ही आहेत. म्हणजे चौकट आहे, पथके आहेत, शाळेपर्यंत पोहोचणारी वाहने आहेत. या पथकांनी प्रत्येक मुलाबाबत चार प्रश्न नेमाने विचारले, तर निदानाविना राहिलेल्या दम्याचा मोठा भाग उघड होईल: रात्री खोकला येतो का, धावल्यावर छाती भरते का, छातीतून शिटी वाजते का, गेल्या वर्षी किती वेळा वाफ घ्यावी लागली? आणि प्रश्नांमागोमाग औषधही हवे. ब्युडेसोनाइड २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात बारमाही असायला हवे, लहान मुलांसाठी लागणाऱ्या स्पेसरसह.

परागकणांची माहितीही अशीच हाताशी यायला हवी. चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेतील संशोधकांनी आपल्या शहरासाठी परागकणांची दिनदर्शिका तयार केली आहे. कोणत्या महिन्यात कोणते परागकण हवेत वाढतात, हे ठाऊक असेल तर डॉक्टर तारखांवरून संशय बांधू शकतो आणि पालक आधीच औषध सुरू करू शकतात. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले गाजरगवत आज देशभर पसरले आहे. त्याच्या फुलोऱ्याचा काळ मात्र बहुतेक शहरांत कोणी पद्धतशीर मोजत नाही. वनस्पतिशास्त्राचे विभाग असलेल्या महाविद्यालयांना आणि विद्यार्थ्यांना करता येण्याजोगे हे काम आहे, आणि त्याचा उपयोग थेट शेजारच्या दवाखान्यात होऊ शकतो.

पालकांच्या हातातले सर्वांत प्रभावी साधन म्हणजे एक साधी वही. त्रास कोणत्या तारखेला झाला, किती वाजता, त्याआधी दोन तासांत काय खाल्ले, मूल कुठे होते, कशाने उतार पडला, एवढ्या नोंदी दोन महिने ठेवल्या तर त्या अनेक पानांच्या रंगीत अहवालापेक्षा अधिक सांगतात. फोनवर टिपलेला घरघरीचा किंवा उठलेल्या गांधींचा व्हिडिओ डॉक्टरांना शंभर शब्दांचे काम देतो, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत लक्षणे अनेकदा ओसरलेली असतात.

अडचण खरी आहे. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात एका मुलाला दोन-तीन मिनिटे मिळतात आणि अ‍ॅलर्जीची नीट विचारपूस त्यात बसत नाही. प्रश्न विचारायला वेळ लागतो आणि वेळेचे शुल्क कोणी देत नाही. चाचणीला पैसे लागतात आणि ते पालक मुकाट्याने देतात. ही आर्थिक रचना बदलल्याशिवाय केवळ जनजागृतीच्या भित्तिपत्रकांनी फार काही साधणार नाही. शाळा-तपासणीत, परिचारिकांच्या प्रशिक्षणात आणि वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या परीक्षेत विचारपुसीला जितके महत्त्व मिळेल, तितकी या दोन्ही चुकांची संख्या घटेल. त्या सात वर्षांच्या मुलीला औषधाचे नाव मिळेल, आणि त्या चार वर्षांच्या मुलाला त्याची वरणभाताची वाटी परत मिळेल.